काळ्या मातीतली जुनी दफनभूमी श्रमदानातून कशी सांभाळावी

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका जुन्या पॅरिशच्या दफनभूमीत सुमारे चारशे कबरी आहेत. पावसाळा सरला की तिथे कमरेइतके गवत असते, काही शिळा कलल्या आहेत, दोन पक्क्या कबरींच्या फटीतून पिंपळ वर आला आहे. मंडळीतली पंचवीसेक माणसे महिन्यातून एक सकाळ द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत सगळ्या कबरी धुऊन, रंगवून, सरळ करून होतील का?

होणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नका. जुन्या कबरींचे ऊनपावसाने झाले नसेल इतके नुकसान एका उत्साही सकाळी ॲसिड, तारेचा ब्रश आणि सिमेंटचे पोते घेऊन आलेल्या माणसांच्या हातून होते. पहिल्या वर्षी गवत, पाण्याचा निचरा आणि नोंदवही एवढेच घ्या. दगडाला हात दुसऱ्या वर्षी, तोही मोजक्या ठिकाणी.

कारण पायाखालच्या जमिनीत आहे. तुमच्याकडे काळी माती असेल (नागपूरच्या पश्चिम भागात बहुतेक ठिकाणी तीच आहे), तर ती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दरवर्षी हे चक्र फिरते आणि शिळा दरवर्षी थोडी हलते. सप्टेंबरात चिखलात सरळ केलेला दगड मे महिन्यात पुन्हा कलतो, आणि लोकांना वाटते मिस्त्रीने काम नीट केले नाही. म्हणून कामाचे वेळापत्रक शेतकरी बांधतो तसे बांधा. खोदकाम असेल ते वाफसा असताना (माती ना चिखल ना कोरडी), म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. चुन्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गाजरगवत जुलैत. एप्रिल-मे मध्ये फक्त कागदावरचे काम, कारण पंचेचाळीस अंशांत तापलेल्या संगमरवरावर गार पाणी ओतणे दगडालाही वाईट आणि ओतणाऱ्यालाही.

पहिली सकाळ फक्त वाटा मोकळ्या करण्यासाठी ठेवा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस थांबून चार-पाच दिवस झाले की. त्या गवतात घोणस आणि मण्यार असू शकतात हे गृहीत धरूनच उतरायचे. गमबूट, जाड हातमोजे, हातात काठी. गवत दोन टप्प्यांत कापा: ब्रश कटरने (गवत कापायच्या यंत्राने) आधी जमिनीपासून फूटभर उंचीवर, मग एक-दोन दिवस तसेच राहू द्या, म्हणजे उजेड आत जातो आणि सापाला निघून जायला वेळ मिळतो. त्यानंतर खालचे कापा. कोणाला चावलाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यातले काहीही करायचे नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि थेट मेडिकल किंवा मेयो, या नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल ते. गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. झाडांकडेही मान वर करून एकदा बघून घ्या. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली त्या दिवशी यंत्र लावू नका, आणि धूर तर कुठेच करू नका.

ब्रश कटरचे एक पक्के ध्यानात ठेवा. त्याची नायलॉन दोरी मऊ वाटते, पण दगडाच्या पायथ्याला ती वर्षानुवर्षे लागत राहिली की तिथे खाच पडते, आणि वालुकाश्म असेल तर एकाच हंगामात पापुद्रा सुटतो. दगडापासून वीतभर अंतरात यंत्र जाऊ द्यायचे नाही. तेवढे गवत विळ्याने बसून कापायचे. हे काम ज्येष्ठ महिलांच्या हाती द्यावे. त्यांचा विळ्यावरचा हात तरुणांपेक्षा कितीतरी बसलेला असतो. कापलेले गवत जाळू नका. आगीच्या धगीने संगमरवर दाणेदार होऊन भुरभुरू लागतो, आणि काजळी अक्षरांत बसते ती निघत नाही. एका कोपऱ्यात कबरी नाहीत याची खात्री करून तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्या आणि गवत त्यात कुजवा.

गाजरगवत मात्र वेगळे हाताळा. जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, फुले यायच्या आधी मुळासकट उपटा. ओल्या जमिनीतून ते सहज येते. फुलावर आलेले खड्ड्यात टाकले तर पुढच्या वर्षी खताबरोबर तेच सगळीकडे पसरेल. उघड्या हातांनी उपटू नका, त्वचेला खाज आणि पुरळ येते, दम्याच्या माणसाने तर जवळही जाऊ नये. उपटलेल्या जागी काही लावले नाही तर ते पुन्हा येतेच. त्यावर आपल्याकडचा तरोटा (टाकळा) हा चांगला उपाय आहे: हिवाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगांचे बी गोळा करून मे महिन्याच्या शेवटी कडेच्या रिकाम्या पट्ट्यांत फेका. पहिल्या पावसात तो गाजरगवताच्या आधी जमीन झाकतो. पानांवर पिवळट, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. मेक्सिकोतून आणलेला हा भुंगा १९८४ साली भारतात गाजरगवतावर मुद्दाम सोडला गेला, आणि तो तेच खातो.

आता नोंदवही. गवत निघाले की जमीन दिसते, आणि तेव्हाच मोजणी करायची असते. जागेचे दहा बाय दहा मीटरचे चौकोन करा, आडव्या ओळींना क, ख, ग आणि उभ्यांना आकडे द्या. मग प्रत्येक कबरीचा पत्ता "ग-४, कबर ७" असा होतो. क्रमांक दगडावर रंगाने लिहायचा नाही, खडूनेही नाही. नकाशावर लिहायचा. प्रत्येक कबरीला एक ओळ: नाव जसे कोरले आहे तसे, तारखा, लिपी, दगडाचा प्रकार, अवस्था, आणि फोटोचा क्रमांक. नातेवाइकांचे फोन नंबर वेगळ्या वहीत, ती पॅरिश कार्यालयात कुलपात. दोघांची एक जोडी, एक वाचणारा आणि एक लिहिणारा, तासाला साधारण बारा कबरी करते. पाच जोड्या, दोन तास, म्हणजे एका सकाळी एकशेवीस. चारशे कबरी चार सकाळींत होतात, आणि घाई न करता होतात.

अक्षरे पुसट असतील तर पीठ, खडू, हळद, तेल काहीही चोळू नका. एक हातभर आरसा घ्या. दगडाच्या बाजूला उभे राहून आरशाने उन्हाची तिरीप शिळेवर जवळजवळ समांतर पाडा. खोदलेल्या अक्षरांच्या एका कडेला सावली धरते आणि जे समोरून कोरे वाटत होते तिथे नाव उभे राहते. आरसा किंचित फिरवत एकेक ओळ वाचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने फोटो घ्यावा. सकाळचे कोवळे ऊन यासाठी चांगले. तमिळ किंवा तेलुगू लिपीतली शिळा सापडली तर अंदाजाने नाव लिहू नका, फोटो काढून वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची आणि तिथे मद्रासच्या पलटणी असत, त्यामुळे या भागात अशा शिळा निघणे अगदी स्वाभाविक आहे. शिळेवरची तारीख आणि चर्चच्या दफननोंदीतली तारीख जुळली नाही तरी गोंधळू नका. एक बहुधा मृत्यूची असते, दुसरी दफनाची. दोन्ही लिहा. दगडावरचे चुकलेले स्पेलिंग नोंदीत सुधारायचे नाही.

शिळा नसलेल्या कबरींची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. मातीचा नुसता उंचवटा, डोक्याशी उभी विटेची एक जोडी, कुजलेला लाकडी क्रूस. गवत काढताना हेच आधी सपाट होतात, आणि मग तिथे कोण होते हे कोणालाच सांगता येत नाही. मंडळीतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना खुर्ची देऊन सावलीत बसवा, नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवा आणि विचारा. ही माहिती आणखी पाच-सात वर्षांनी मिळणार नाही. उंचवटे सपाट करू नका, वाट त्यावरून नेऊ नका.

यातली काही कामे तुमच्या अधिकारात नाहीत. कबर कुटुंबाची असते, जमीन ट्रस्टची. फादरांकडून किंवा पाळकसाहेबांकडून तोंडी होकार पुरेसा नाही. कमिटीच्या ठरावात काय करायचे आणि काय करायचे नाही हे लिहून घ्या. दुरुस्तीला हात लावायच्या आधी सूचना फलकावर लावा, सलग तीन-चार रविवार उपासनेत वाचून दाखवा, दफनभूमीच्या फाटकावरही लावा, आणि किमान तीन महिने थांबा. मोठे झाड तोडायचे किंवा त्याच्या फांद्या छाटायच्या तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते; १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातून दफनभूमी सुटलेली नाही. एकसारख्या मापाच्या, वर पलटणीचे चिन्ह कोरलेल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या शिळा असतील तर त्यांच्याकडे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन बघते. त्यांना कळवा, स्वतः घासू नका. कंपनी सरकारच्या आणि ब्रिटिश काळातल्या कबरींसाठी बाक्सा ही १९७६ साली स्थापन झालेली ब्रिटनमधली संस्था आहे; दक्षिण आशियातल्या अशा दफनभूमींच्या नोंदी ती जपते. तुमची यादी तयार झाली की तिची एक प्रत त्यांच्याकडे जाणे चांगले.

पिंपळाचे काय? ओढून काढू नका. मूळ फटीत बोटभर दिसते, आत मनगटाएवढे असते, आणि ओढले की दोन विटा किंवा शिळेचा कोपरा त्याच्याबरोबर येतो. करंगळीपेक्षा बारीक रोप पावसाळ्यात, सांधा ओला असताना, खुरप्याच्या टोकाने मुळासकट निघते. त्याहून जाड असेल तर करवतीने सांध्याला लागून कापा आणि पुढे दर तीन आठवड्यांनी फुटलेले कोंब खुडत राहा. पानेच येऊ दिली नाहीत तर साधारण दोन हंगामांत मूळ मरते. मेलेले मूळ आतच राहू द्या आणि सांधा चुन्याने बंद करा. ग्लायफोसेट आणून ओतण्याचा सल्ला हमखास मिळेल; त्याच्या वापरावर केंद्राने २०२२ साली निर्बंध आणले आणि ते परवानाधारक कीडनियंत्रकांपुरते ठेवले. श्रमदानात ते नकोच. या कामासाठी एका माणसाचे नाव ठरवा. दर तीन आठवड्यांनी दहा मिनिटांचे काम आहे, पण "सगळे बघतील" म्हटले की कोणीच बघत नाही.

सांध्यात सिमेंट भरू नका. जुने बांधकाम चुन्याचे आहे, ते ओल शोषते आणि सोडते. वर सिमेंटचा थर बसला की ओल बाहेर पडायला दगडाचाच मार्ग घेते, जाताना क्षार मागे ठेवते, आणि दोन-चार वर्षांत सांधा शाबूत आणि भोवतीचा दगड भुसभुशीत असे उलटे चित्र दिसते. कामठी-सिलेवाड्याकडच्या वालुकाश्मात तर हे फार लवकर होते. कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात विझवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, वर पाण्याचा थर राहिलाच पाहिजे. मग एक भाग मुरलेला चुना, एक भाग चाळलेली सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. नुसता चुना आतल्या ओलीत घट्ट होत नाही, सुरखीमुळे होतो. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल साफ करा, पाणी मारा, दाबून भरा, आणि ओले गोणपाट सात ते दहा दिवस टाकून ठेवा. गोणपाट दिवसातून तीनदा ओले करायला कोणी येणार नसेल तर काम सुरूच करू नका. आपल्या कोरड्या हिवाळी हवेत ते दुपारपर्यंत वाळते आणि चुना पावडर होतो. चुना विझवताना उकळी येते, डोळ्यांना चष्मा हवा, आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

संगमरवर धुण्याबद्दल सर्वांत जास्त विचारले जाते, म्हणून नीट सांगतो. संडास साफ करायचे ॲसिड टाकले की फेस येतो आणि दगड पांढरा होतो. तो फेस म्हणजे दगडच विरघळत असतो. पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आधीपेक्षा लवकर धरते. ब्लीचिंग पावडर आणि कपड्याचा साबण आत क्षार सोडतात. फक्त पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश घ्या. पाणी नळाचे किंवा पावसाचे घ्या. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरा थर ठेवते आणि तो काढायला मग कोणीतरी ॲसिडच आणते. आधी मागच्या बाजूला वीतभर जागेवर करून बघा. ब्रशला साखरेसारखे कण लागले तर तिथेच थांबा, तो दगड धुण्यासारखा राहिलेला नाही. कण नाही आले तर शिळा दहा मिनिटे भिजू द्या, खालून वर घासा, म्हणजे मळकट ओघळांचे पट्टे कोरड्या भागावर उमटत नाहीत, आणि शेवटी वरून खाली स्वच्छ पाणी सोडा. अक्षरांतली माती बांबूच्या काडीने. अक्षरांत शिसे भरलेले असेल तर तिथे काडीसुद्धा नको. पाच वर्षांतून एकदा एवढे पुष्कळ झाले. राखाडी-नारिंगी दगडफुलाचे ठिपके असू द्या, त्यांनी अक्षरे झाकली नसतील तर त्यांचा फारसा त्रास नाही.

शिळा कलली आहे म्हणजे पडणार आहे असे नसते. आधी दोन्ही हातांनी हलकेच दाबून बघा. कलली आहे पण घट्ट आहे, तर राहू द्या. हलते, तर तिच्या भोवती दोरी बांधा आणि मुलांना लांब ठेवा. उचलायचा मोह झाला तर आधी हिशेब करा: ९० सेंटिमीटर उंच, ६० रुंद, १० जाड एवढी साधी संगमरवरी शिळासुद्धा सुमारे १४५ किलो भरते. कमरेपेक्षा उंच काहीही श्रमदानात उचलायचे नाही. तिथे तिपाई आणि चेन-पुली असलेला मिस्त्री हवा. छोटी शिळा पुन्हा बसवताना खाली काळी माती काढून वीतभर मुरूम आणि गिट्टी ठोकून भरा, शिळेचा चौथा भाग तरी जमिनीत जाऊ द्या, भोवती पुन्हा मुरूमच ठोका. पायाला काँक्रीट ओतले तर पुढच्या वेळी माती हलेल तेव्हा शिळा कलण्याऐवजी जमिनीलगत मोडेल. मोडलेले तुकडे उचलून भिंतीशी ढीग लावू नका. नोंद करून त्याच कबरीवर, अक्षरे खाली करून ठेवा. विटांच्या पोकळ जुन्या थडग्यांवर कोणीही उभे राहू नये, छत आतून कधी सुटलेले असते ते वरून कळत नाही.

नव्या कबरींबाबतही कुटुंबांना एक समजावून सांगा. दफनानंतर फूटभर उंच मातीचा ढीग ठेवा आणि पक्के बांधकाम लगेच करू नका. मुरमाड जमिनीत एक पावसाळा, काळ्या मातीत दोन पावसाळे जाऊ द्या. वर्षश्राद्धाच्या घाईने बांधलेली टाईल्सची कबर दुसऱ्याच उन्हाळ्यात मधोमध तडकते आणि कुटुंबाचा खर्च वाया जातो.

२ नोव्हेंबरला फुले आणि मेणबत्त्या येणारच, यायलाच हव्यात. प्रत्येक ओळीच्या टोकाला रेतीचे एक घमेले ठेवा आणि मेणबत्त्या त्यात लावायला सांगा. दगडावर मेण सांडलेच तर ते गार होऊ द्या आणि प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा, गरम पाणी टाकले की मेण आत मुरते. तीन दिवसांनी हार उचलायला चार माणसे ठरवून ठेवा, कुजणाऱ्या झेंडूचा डाग संगमरवरावर बसतो. कबरींवरच्या फुलदाण्या वर्षभर पाणी धरतात आणि डेंग्यूचे डास त्यात वाढतात. सगळ्या रेतीने भरून टाका, फुले रेतीतही उभी राहतात.

माणसांची वाटणी करताना पंचवीसही जण एकाच कामाला लावू नका. आठ जण गवताला, दहा जण नोंदीच्या पाच जोड्यांत, चार जण नाल्या आणि कुंपणाला, एक पाणी आणि प्रथमोपचाराला, दोघे येणाऱ्या कुटुंबांशी बोलायला. रविवारी उपासना असते म्हणून शनिवार धरा, साडेसहा ते नऊ. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणि शेजारच्या वस्तीतली माणसे यायला तयार असतील तर जरूर बोलवा. ज्या भिंतीपलीकडच्या लोकांनी आत विळा चालवला आहे, त्या भिंतीवरून कचरा कमी येतो आणि लोखंडी कठडे चोरीला जातानाही कोणी तरी हटकते. एक मात्र बघा: कबर खोदणारे आणि राखणदार यांची मजुरी श्रमदानामुळे कमी होता कामा नये. रोज तिथे असतात ते तेच, आणि कुठे जमीन खचते, कुठे पाणी तुंबते हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळते. त्यांना बैठकीत बसवा. पैसे स्वतंत्र खात्यात, दोन सह्यांवर, आणि दर तिमाहीला हिशेब फलकावर.

कलणाऱ्या शिळांसाठी पहिल्या नोव्हेंबरातच मोजमाप घेऊन ठेवा. शिळेच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि पायथ्याशी दोरी व दगड यांतले अंतर पट्टीने मोजा. ९० सेंटिमीटरच्या शिळेला ५ सेंटिमीटर अंतर म्हणजे तीन अंशांचा कल. आकडा आणि तारीख नोंदवहीत त्या कबरीसमोर लिहा, ओळंबा कुठून सोडला त्याचा फोटो काढा. पुढच्या नोव्हेंबरात त्याच जागेवरून पुन्हा मोजा, म्हणजे जमीन दोन्ही वेळा सारख्या ओलीची असेल. फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असेल तर ती शिळा आहे तशी राहू द्या. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर त्या कुटुंबाला आणि मिस्त्रीला त्याच आठवड्यात बोलवा, माती अजून वाफशावर असते.